पहिला तास

जून महिन्याचा मध्य होता. दुसऱ्या दिवशी शाळा सुरू व्हायची होती आणि आठवीच्या वर्गाला पदार्थविज्ञान शिकविणारे गुरुजी रात्री टाचणवही उघडून बसले होते. विषयाची व्याख्या, त्याच्या शाखा, प्रयोगशाळेतील नियम, वह्या किती पानी असाव्यात, हे सारे सांगण्यात दरवर्षी त्यांचा पहिला तास सरे. मुले ते निमूटपणे लिहून घेत. आणि पुढे वर्षभर निमूटच राहत! यंदा गुरुजींनी तो मजकूर खोडला आणि त्या जागी एवढेच लिहिले : 'सुतळी, दोन दगड, घड्याळ.'

मग त्यांनी घराच्या दारातच दगड टांगून पाहिले. मोठ्या दगडाचा मध्य अधिक खाली येतो, तेव्हा त्याची सुतळी थोडी आखूड धरावी लागते, हे त्यांच्या ध्यानात आले. गाठीपासून दगडाच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे बरोबर एक मीटर अंतर ठेवून मगच ते निजले.

वर्गात गुरुजींनी विचारले, "दहा हेलकावे कोणता दगड लवकर पुरे करील?" बहुतेक हात मोठ्या दगडासाठी वर झाले, काही लहानासाठी. मागच्या बाकावरील एक मुलगी "दोन्ही सारखेच," असे पुटपुटली. पण सर्वांनी वळून पाहताच ती ओशाळली आणि गप्प बसली.

उजवीकडच्या मुलांनी मोठ्या दगडाचे हेलकावे मोजले. वीस सेकंद लागले. डावीकडच्यांनी लहान दगडाचे मोजले, तर अठराच! लहान दगडाच्या बाजूची मुले टाळ्या पिटू लागली. चूक कोठे झाली, हे गुरुजींना उमगले होते; परंतु ते मुद्दामच बोलले नाहीत. असे गप्प राहणे शिक्षकाला सोपे नसते.

थोड्या वेळाने तीच मुलगी उभी राहिली. "गुरुजी, यांनी दगड सोडतानाच 'एक' म्हटले. तेव्हा तर एकही हेलकावा झाला नव्हता. म्हणजे यांचे नऊच झाले."

वर्ग स्तब्ध झाला. पुन्हा मोजणी झाली, या वेळी 'शून्य' म्हणून. वीस सेकंद!

तेव्हा गुरुजींनी गॅलिलिओची हकिकत सांगितली. इटलीतील पादुआ येथे शिकवीत असताना १६०२ साली त्याने एका स्नेह्याला पत्रातून असाच प्रयोग सुचविला होता. सारख्या लांबीचे दोन लंबक घ्यावेत, एकाला मोठा झोका द्यावा, दुसऱ्याला लहान, आणि दोघांनी ते निरनिराळे मोजावेत. लंबकाचे घड्याळ त्या वेळी निघालेच नव्हते. हायगेन्सने ते पुढे १६५६ मध्ये तयार केले.

"आणि सुतळी अर्धी केली तर?" एका मुलाने विचारले. हा प्रश्न टाचणवहीत नव्हता. दहा सेकंद लागतील, असे जवळजवळ सर्वांचे मत पडले. सुतळी अर्धी केली, 'शून्य' म्हणून दगड सोडला. घड्याळाने चौदा दाखविले.

"चौदा का?" दोन-तीन मुले एकदमच ओरडली. इतक्यात घंटा झाली. गुरुजींनी सुतळी सोडली नाही. मधल्या सुट्टीत दाराशी इतकी गर्दी जमली, की डबा घेऊन बाहेर पडणाऱ्यांना वाट मिळेना.