महूच्या पुढे झाबुआ : काळ्या तोंडाच्या कोंबडीचा मुलूख

दरवर्षी १४ एप्रिलला आपले हजारो बांधव बाबासाहेबांच्या जन्मभूमीला, महूला, वंदन करण्यासाठी जातात आणि तेथूनच परततात. ज्यांच्या हाताशी आणखी एक दिवस असेल त्यांनी धारमार्गे झाबुआपर्यंत जरूर जावे. इंदूरपासून हे गाव सुमारे १५० किलोमीटरवर आहे. माळव्याची काळी, सपाट जमीन मागे पडते आणि उघड्याबोडक्या टेकड्या सुरू होतात. हा भिल्ल आणि भिलाला आदिवासींचा मुलूख. घरे एका जागी दाटीने नसतात. ज्याचे घर त्याच्या शेताजवळ. अशा विखुरलेल्या वस्तीला तेथे फळिया म्हणतात.

या फळियांच्या अंगणात वाढलेली कोंबडी म्हणजे कडकनाथ. तेथील लोक तिला ‘कालीमासी’ म्हणतात. काळी पिसे आपल्याकडच्या कोंबड्यांनाही असतात. येथे मात्र डोक्यावरचा तुरा, गालाची कातडी, चोच, जीभ, पाय, इतकेच काय, आतले मांसही काळे! अंडे मात्र फिकट तपकिरी आणि रक्त लालच.

काळी कोंबडी म्हटली की आपल्या वाड्यावस्त्यांवर अजूनही भगत आणि उतारा आठवतो. झाबुआकडेही ही कोंबडी देवीला बळी देण्याची चाल आहे. परंतु या काळ्या तोंडामागे ना देवी आहे, ना करणी. आहे ती केवळ आनुवंशिकता.

इंग्लंडमधील बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी चीनकडील सिल्की या काळ्या कातडीच्या कोंबडीवर प्रयोग करून १९११ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिल्की कोंबडा आणि ब्राऊन लेगहॉर्न कोंबडी यांची जोडी लावली, तर तलंगा काळ्या कातडीच्या निघतात आणि नर पिल्ले बरीच उजळ. याचे कारण असे की एक जनुक काळेपणा आणते आणि दुसरे तो रोखून धरते. हे रोखणारे जनुक नर-मादी ठरविणाऱ्या गुणसूत्रावर असते. मादी पिल्लाला ते गुणसूत्र फक्त बापाकडून मिळते, नराला आई-बाप दोघांकडून. लेगहॉर्न आईचे रोखणारे जनुक म्हणूनच मुलाकडे जाते, मुलीकडे जात नाही. पुढे २०११ साली काळेपणाचे मूळ विसाव्या गुणसूत्रावरील एका बदलात सापडले. निरनिराळ्या देशांतील काळ्या कातडीच्या कोंबड्यांत तोच बदल आढळतो.

यातून घरी कोंबड्या पाळणाऱ्या माताभगिनींनी एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवावी. काळेपणाचे जनुक प्रभावी असल्यामुळे संकरित पिल्लूही काळे निघू शकते. तेव्हा नुसते काळे तोंड पाहून कडकनाथचा भाव मोजू नये. आई-बाप दोन्ही पाहावेत. या मांसाने अमुक रोग बरा होतो, असे सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नये.

२०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. पिढ्यान्पिढ्या ही जात ज्यांनी सांभाळली त्या आदिवासींच्या पदरात या मानाचा पैसा किती पडतो, हे पाहणे आपल्यासारख्या चळवळीतल्या माणसांचे काम आहे.

आणखी एक विचार मनात येतो. कातडीचा रंग आई-बापाकडून येतो, हे खरे. पण उच्चनीचपणा कोणत्या गुणसूत्रावर असतो? जातीमुळे रक्ताची शुद्धता राखली जाते, हा युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये तपासून खोडून काढला. कोंबडीची जात निसर्गाच्या नियमाने उतरते. माणसाची जात माणसाने लादली आहे, म्हणूनच ती माणसाला मोडता येते. महूला जाऊन आलेल्या प्रत्येकाने एवढे आपल्या मुलांना समजावून सांगावे.

जयभीम!