बंद करू नका

त्याच्या अंगावर एक पांढरी चिठ्ठी डकवलेली आहे, अर्धवट सोललेली. घाईच्या अक्षरात, लाल शाईनं, इंग्रजीत तिच्यावर लिहिलंय : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका!! उद्गारचिन्हं दोन. लिहिणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला त्या दोन चिन्हांत दिसतो. १९९०च्या अखेरीस जगातलं सगळं वेब या एकाच ठोकळ्यात राहत होतं. येता-जाता कुणी बटण दाबलं असतं, तर वेब थांबलं असतं.

मी त्याला फोटोतच पाहिलंय. कॉम्प्युटर, पण ठोकळाच तो. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी एक फूट. काया मॅग्नेशियमची, काळीभोर. नाव नेक्स्ट. बोधचिन्ह पॉल रँड यांच्या हातचं, बरोब्बर २८ अंशांत कललेलं. ॲपलमधून बाहेर पडलेल्या स्टीव्ह जॉब्सनी त्याला १२ ऑक्टोबर १९८८ला सॅन फ्रान्सिस्कोत जगापुढे आणलं. आणलं विद्यापीठांसाठी, पण किंमत साडेसहा हजार डॉलर. त्या काळी सगळ्यांचा कारभार फ्लॉपीवर चाले आणि याला फ्लॉपीची खाचच नव्हती. देखणा, हुशार, पण चारचौघांत न मिसळणारा. फेब्रुवारी १९९३मध्ये जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीनं यंत्रं बनवणंच बंद केलं. तोवर सगळी मिळून सुमारे पन्नास हजार विकली गेली होती.

मी पुण्यात एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतो. गुंतवणूकदारासमोर बसलं की पहिला प्रश्न येतो, किती विकलं? त्या हिशेबात हा ठोकळा नापास. तरीही उमेद खचली की मी त्याचाच फोटो उघडून बसतो. त्याच्या आधारानं दुसऱ्या कुणी काय उभं केलं, ते मला पुन्हा आठवायचं असतं.

जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली नावाचा एक तरुण प्रोग्रामर होता. विखुरलेली माहिती दुव्यांनी जोडण्याची कल्पना त्यानं मार्च १९८९मध्ये कागदावर मांडली. वरिष्ठ माइक सेंडल यांनी त्या कागदावर शेरा मारला : धूसर, पण रोमांचक. पुढं १९९०मध्ये सेंडल यांनी त्याला हा काळा ठोकळा घेऊ दिला. नवं यंत्र पारखून बघायचं हे निमित्त झालं आणि कल्पनेला घर मिळालं.

इथं ठोकळ्याचा खरा स्वभाव कळतो. दुसरीकडे पडद्यावर एक खिडकी आणि चार बटणं उमटवायची, तर ओळींमागून ओळी लिहाव्या लागत. याच्याकडे झाँ-मारी हुलो यांनी घडवलेला इंटरफेस बिल्डर होता. बटण माउसनं उचलायचं आणि हवं तिथं ठेवायचं. पोळ्या करायला उभं राहावं आणि कणीक आधीच मळून, झाकून ठेवलेली असावी, तसं. बर्नर्स-लीनं थेट लाटायला घेतलं. यंत्र सप्टेंबरात आलं आणि नाताळापर्यंत पानं लिहिण्याची भाषा, पत्त्याची पद्धत, सर्व्हर, ब्राउझर, सगळं चालू झालं. त्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचता वाचता तिथंच लिहिताही येत होतं.

पण हे सुख फक्त याच ठोकळ्यावर, आणि असे ठोकळे होते मोजके. मग निकोला पेलो या विद्यार्थिनीनं साध्यातल्या साध्या टर्मिनलवरही चालेल असा ब्राउझर लिहिला. त्यात चित्र नाही, खिडकी नाही, नुसत्या अक्षरांच्या ओळी. मला त्या ओळी फार मोलाच्या वाटतात. देखण्या यंत्राच्या अंगणातून वेब त्यांच्यामुळे बाहेर पडलं. डिसेंबर १९९१मध्ये अमेरिकेत, स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेत, युरोपाबाहेरचा पहिला सर्व्हर सुरू झाला. भार वाटून घेणारे मिळत गेले.

१९९३च्या सुरुवातीला मिनेसोटा विद्यापीठानं आपल्या गोफरसाठी, म्हणजे वेबच्या त्या वेळच्या प्रतिस्पर्ध्यासाठी, शुल्काची भाषा काढली आणि लोक बिचकले. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्ननं वेब सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. ठोकळ्याचं उत्पादन थांबून तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

त्याचं घराणं मात्र बुडालं नाही. डिसेंबर १९९६मध्ये ॲपलनं नेक्स्ट विकत घेत असल्याचं जाहीर केलं. ठोकळ्याच्या आतली प्रणाली पुढं मॅकमध्ये आली, मग आयफोनमध्ये. आयफोनची ॲप्स लिहिताना आम्हाला कितीतरी नावांच्या आधी ‘एनएस’ ही दोन अक्षरं दिसतात. ती याच्याच घराण्याची. आमच्याकडे नव्यानं आलेल्या मुलांना मी ती बोट ठेवून दाखवतो.

आमची कंपनी दोन खोल्यांत सुरू झाली, तेव्हा कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मीही चिठ्ठी चिकटवली होती : मावशी, हे बटण बंद करू नका. चिठ्ठी तेव्हा गरजेचीच होती. पण पुढं ध्यानात आलं की तीच चिठ्ठी माझ्याही कपाळावर आहे. पासवर्ड माझ्याकडे, ग्राहकांचे फोन माझ्याकडे, शेवटचा शब्द माझा. दोन दिवस तापानं पडलो, तर सगळं काम माझ्या उशाशी येऊन थांबलं. नवं काही सुरू करताना एकट्यानं जागावंच लागतं. पण काम रुजलं की ते दुसऱ्यांच्या हाती सोपवणंही सुरू करणाऱ्याकडेच येतं. गेलं वर्षभर मी तेच शिकतोय. रोज एक गोष्ट कुणाला तरी शिकवतो, लिहून ठेवतो, हातातून सोडतो.

ठोकळा आता संग्रहालयाची वस्तू झालाय. पडदा काळा, आत वीज नाही. चिठ्ठी अजून अंगावर आहे. तिचा हुकूम कधीचाच मोडलाय, आणि वेब चालू आहे.