पहिली उडी

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर, नारायणगावाला लागून वारूळवाडी हे गाव आहे. जुन्नर तालुक्यातील हा मुलूख बागायतीचा आहे. द्राक्षांचे मांडव, टोमॅटोचे मळे, उसाची दाट शेते आणि या साऱ्यांना पाणी पाजणाऱ्या विहिरी, असे इथले रूप. काळ्या पाषाणात खोदलेल्या या विहिरी चांगल्या ऐसपैस असतात. उसात लपून राहणारा बिबट्याही रात्रीच्या अंधारात कधी कधी अशा विहिरीत पडतो आणि मग त्याला वर काढण्यासाठी वनखात्याच्या लोकांना पिंजरा आत सोडावा लागतो. जिथे बिबट्यासारख्या चपळ प्राण्याचा पाय फसतो, तिथे काठावर उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलाचे पाय लटपटले, तर त्यात नवल ते काय?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की अशा विहिरींवर पोहणाऱ्यांचा गलका सुरू होतो. ज्यांना पोहता येते ते वरून धडाधड उड्या घेतात. ज्यांना येत नाही त्यांच्या कमरेला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड किंवा रिकामा पत्र्याचा डबा बांधण्याची जुनी रीत आहे. आता त्याच्या जागी रबरी चाकाची फुगवलेली नळीही दिसते. पण आणखी एक जात असते. ही मुले रोज विहिरीवर येतात, दुसऱ्यांचे कपडे सांभाळतात, कोणाची उडी सरस झाली याचा निवाडाही करतात. मात्र स्वतः पाण्याला पाय लावीत नाहीत. त्यांना विचारले, तर कोणाला सर्दी झालेली असते, कोणाचा कान दुखत असतो. भीती वाटते असे सांगणारा क्वचितच भेटतो.

अशाच एका मुलाची गोष्ट मराठीत फार वर्षांपूर्वी लिहिली गेली आहे. त्या मुलाचे नाव श्याम आणि लिहिणारे साने गुरुजी. 'श्यामची आई' या पुस्तकातील पोहण्याचा प्रसंग तो हाच. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, पालगड येथे झाला. मुलांचे लेखक म्हणून ते सर्वांना ठाऊक असले तरी त्यांचे पुष्कळसे लेखन मोठ्या माणसांसाठी आहे. 'भारतीय संस्कृती' हा त्यांचा ग्रंथ वाचावयास वय आणि विचार दोन्ही लागतात. अमळनेरच्या शाळेत ते शिक्षक होते. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी नोकरी सोडली आणि पुढे त्यांना तुरुंगवास घडला. नाशिकच्या तुरुंगात असताना, १९३३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी या आठवणींचा मोठा भाग लिहून काढला. बाहेरचे सारे दरवाजे बंद असताना त्या लेखकाला लहानपणीची विहीर आठवली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

श्यामची विहीर वारूळवाडीच्या विहिरीसारखी नव्हे. कोकणात पाऊस असा कोसळतो की विहिरी तोंडापर्यंत भरून येतात. काठावर बसून हाताने पाणी घ्यावे इतके ते वर चढते. म्हणून तिथे मुलांना पोहायला शिकवितात ते पावसाळ्यात. देशावर मात्र उन्हाळ्याची सुट्टी आणि विहिरीतील उरलेले पाणी यांचा मेळ घालावा लागतो. श्यामच्या गावात लहान लहान मुले पाण्यात धडपडत. श्याम मात्र काठावरचा. आई पुन्हा पुन्हा सांगते, तरी तो टाळतो. अखेर एका रविवारी बरोबरीची मुले त्याला न्यायला येतात, तेव्हा हा घरात लपून बसतो. आईला तो सापडतो. एरवी इतकी मायाळू असलेली ती माता त्या दिवशी त्याला मारते आणि विहिरीकडे पाठविते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावे, हे तिला सोसत नाही. श्याम पाण्यात पडतो, घाबरतो, सावरतो, आणि थोड्याच वेळात त्याला कळते की आपण बुडालेलो नाही. घरी आल्यावर त्याच्या अंगावरील वळ पाहून आईलाच वाईट वाटते.

हा प्रसंग वाचताना आजचा वाचक त्या मारापाशी अडखळतो, आणि त्याने अडखळावे हेच योग्य. भ्यालेल्या मुलाला मारून शूर करता येते, असा कोणी या गोष्टीचा अर्थ घेतला, तर त्याने गोष्ट नीट वाचली नाही असे म्हणावे लागेल. माराने श्याम विहिरीपर्यंत गेला, एवढेच. मार त्याला पोहायला शिकवू शकला नाही. शिकविले ते पाण्याने, आणि पाण्यात आधीच असलेल्या जाणत्या पोहणाऱ्यांनी. लेखकाने ही माणसे गोष्टीत उगीच आणलेली नाहीत. कमरेला बांधलेला आधार आणि भोवती पोहणारी माणसे नसती, तर त्याच विहिरीची गोष्ट फार निराळी झाली असती. वारूळवाडीतही वडीलधारी, पोहणारी माणसे बरोबर असल्यावाचून मुलांना विहिरीवर जाऊ देत नाहीत. हा घरचा नियम मुलांना जाचक वाटतो खरा; पण विहीर कोणाच्या धिटाईची कदर करीत नाही.

मग श्यामला आत्मविश्वास मिळाला तो कोणत्या क्षणी? घरातून निघताना तो त्याच्यापाशी नव्हता. काठावरही नव्हता. 'तुला येईल', 'भिऊ नकोस' हे शब्द त्याने किती वेळा ऐकले असतील! त्या शब्दांनी त्याचे भय तिळभरही हटले नाही. पाण्यात पडल्यानंतर, नाकातोंडात पाणी जाऊन आल्यानंतर, हातपाय हलविले की अंग वर राहते हे स्वतःच्या अंगाला पटल्यावर तो आला. आधी विश्वास आणि मग उडी, असा क्रम मोठी माणसे नेहमी सांगतात. या गोष्टीत तो उलटा आहे. आधी भीतभीतच उडी, आणि विश्वास तिच्या मागून. काठावर उभा राहून जो मुलगा धीर येण्याची वाट पाहत असतो, त्याची सारी सुट्टी अशी वाट पाहण्यातच सरते.

पुढे साने गुरुजी मोठे झाले तेव्हाही त्यांचा स्वभाव हळवाच राहिला. त्यांच्या डोळ्यांना पाणी यायला वेळ लागत नसे. पण पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांना बंद आहे, हे त्यांना सोसेना. त्यासाठी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगाव सभा घेतल्या आणि १९४७ सालच्या मे महिन्यात, १ तारखेपासून, पंढरपुरात उपोषण आरंभिले. मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले तेव्हा, १० मे रोजी, ते सुटले. हळवा माणूस भित्राच असला पाहिजे, असे मानणाऱ्यांनी हे दहा दिवस आठवावेत.

साने गुरुजींना टॉलस्टॉय या रशियन लेखकाविषयी मोठा आदर होता. त्याच्या कलाविषयक ग्रंथाचा त्यांनी मराठीत अनुवादही केला आहे. टॉलस्टॉय हा जगातील थोर कादंबरीकारांपैकी एक. 'युद्ध आणि शांती' ही त्याची प्रचंड कादंबरी १८६९ साली पूर्ण झाली. इतके मोठे काम हातावेगळे केल्यावर हा लेखक कशाकडे वळला असेल? तर शेतकऱ्यांच्या मुलांना अक्षरे शिकविणाऱ्या पुस्तकांकडे. आपल्या गावी, यास्नाया पोल्याना येथे, त्याने त्याआधीच मुलांसाठी शाळा काढली होती. १८७२ साली त्याने मुलांचे पहिले वाचनपुस्तक प्रसिद्ध केले आणि १८७५ साली ते नव्याने रचले. या वाचनपाठांत फिलिपोक नावाच्या एका चिमुकल्या मुलाची गोष्ट आहे. जेमतेम दोन पानांची असेल. पण लिहिणाऱ्याने तिच्यावर कादंबरीइतकीच नजर ठेवलेली दिसते.

श्याम जायला नको म्हणून लपला, फिलिपोकचे उलट. त्याला शाळेत जायचे आहे आणि आई म्हणते, तू अजून लहान आहेस. एके दिवशी बाप रानात गेला, आई मजुरीला गेली, आजीला डुलकी लागली. फिलिपोकला घरात करमेना. स्वतःची टोपी सापडली नाही, तेव्हा बापाची जुनी टोपी डोक्यावर घालून तो एकटाच निघाला. आपल्या आळीत होता तोवर कुत्री त्याच्या ओळखीची होती. पुढच्या घरांपाशी अनोळखी कुत्री अंगावर धावून आली. तो पळाला, अडखळून पडला, ओरडला; एका शेतकऱ्याने कुत्री हाकलली. मळ्यातल्या वस्तीवरून शाळेला पायी निघणाऱ्या वारूळवाडीच्या मुलांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

शाळेच्या दारापाशी आल्यावर मात्र फिलिपोकचा धीर खचला. गुरुजींनी हाकलून दिले तर? परत फिरावे, तर वाटेत कुत्री. पाण्याची बादली घेऊन जाणारी एक बाई त्याला म्हणाली, सगळे शिकताहेत आणि तू इथे का उभा? तेवढ्याने तो आत गेला. गुरुजींनी विचारले, तर तोंडातून शब्द फुटेना. बोलायला गेला तो घसा कोरडा पडलेला. गुरुजींकडे पाहून तो रडू लागला. वर्गातील मुलांनीच सांगितले की हा कोस्त्यूश्काचा भाऊ.

गुरुजींनी त्याला भावाशेजारी बाकावर बसविले आणि अक्षरे दाखवू लागले. पण फिलिपोकला आपले नाव जोडून म्हणता येत होते. भावाने त्याला घरीच शिकविले होते. त्याने ते म्हणून दाखविले तशी सारी मुले हसली, आणि गुरुजींनी शाबासकी दिली. आता मघाचा मुका मुलगा असा काही मोकळा झाला की आपण किती हुशार आहोत हेही सांगू लागला! त्यावर गुरुजी हसले आणि म्हणाले की बढाई मारायला थोडा थांब, आधी शीक.

त्या दिवसापासून फिलिपोक इतर मुलांबरोबर रोज शाळेत जाऊ लागला.