थिबा पॅलेस, भाट्ये आणि ब्रूनोचा राग

रत्नागिरीचा वीकेंड म्हणजे भाट्याचा किनारा, ताजे मासे आणि थिबा पॅलेस! या वेळी सोबत होता आमचा लॅब्राडोर, ब्रूनो. शुक्रवारी तो सुरूबनात मनसोक्त हुंदडला, शनिवारी एका डॉग डे-केअरमध्ये मजेत राहिला. म्हणून रविवारीही त्याला तिथेच सोडून मी निर्धास्त भटकायला निघाले.

ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६मध्ये इथे आणलं. राजवाडा बांधून झाला १९१०मध्ये आणि १९१६मध्ये राजा इथेच गेला. पॅलेस बघून थिबा पॉइंटवर खाडी न्याहाळत होते, तोच डे-केअरच्या काकूंचा फोन. "अगं, तुझा ब्रूनो दुसऱ्या कुत्र्यावर धावून गेला. लवकर ये!"

माझा ब्रूनो? शक्यच नाही! जाऊन मी त्याला चांगलंच झापलं. पण कानाशी हात जाताच तो माझ्यावरही गुरगुरला. डॉक्टरांनी कान उलटला, तर आत टम्म फुगलेली गोचीड! खेळताना कुणी कानाला तोंड लावलं, की दुखायचं. बस्स, एवढंच.

तेव्हा दोस्तांनो, शहाणा कुत्रा अचानक बिथरला, तर आधी कुठे दुखतंय ते बघा. गवतातून फिरून आल्यावर कान, पंजे, काखा तपासा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल नको. पुढचे दोन-तीन आठवडे ताप किंवा सुस्ती दिसली, जेवण सुटलं, तर थेट डॉक्टर गाठा.

परतताना ब्रूनो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. माझं ओरडणं तो विसरला होता. मी नाही.