न फिरणारा पुशरॉड

रविवार, रात्री

१९६९ च्या शेव्हरले कॅमॅरोचं ३५० इंजिन आज पुन्हा अडखळलं. मिसफायर म्हटलं की लोक आधी प्लग बदलतात. मला ते पटत नाही, आधी ऐकावं. ५ आणि ७ हे सिलिंडर शेजारी, आणि १-८-४-३-६-५-७-२ या क्रमात पाठोपाठ पेटणारे, म्हणून त्यांच्या वायरी एकमेकींपासून दूर केल्या. ठिणगी चांगली, कॉम्प्रेशनही ठीक. तरी कार्ब्युरेटरमधून फटफट! जळलेल्या वायूला बाहेरची वाट मिळाली नाही, की तो इनटेककडे उलटतो. म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता उघडत नव्हता.

व्हॉल्व्ह कव्हर काढून इंजिन मंद चालवलं. पुशरॉड स्वतःभोवती फिरत होते, एक सोडून. त्याचा रॉकरही जेमतेम हलत होता. या फ्लॅट टॅपेट रचनेत लिफ्टरचा तळ किंचित फुगीर आणि कॅमचा लोब किंचित तिरका असतो, म्हणून लिफ्टर आणि त्यावरचा पुशरॉडही फिरत राहतो. किती सुंदर युक्ती! फिरणं थांबलं की लोब घासून सपाट होतो. नव्या तेलांत जस्त-फॉस्फरस कमी असतं, तेही या जुन्या कॅमना सोसत नाही.

आता कॅम नवा, आणि सोळाही लिफ्टर नवे. त्याआधी तेल काढून लोखंडाचा चुरा बेअरिंगपर्यंत गेलाय का, ते पाहायचं.