पिवळा साका

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ॲल्युमिनियम मोजायचं असलं, की द्रावणात ऑक्झाइन घालायचं. बीकरमध्ये हिरवट पिवळा साका धरायचा. गाळा, धुवा, ओव्हनमध्ये वाळवा, वजन करा, वहीत आकडा लिहा. साका मग कचऱ्यात. ॲल्युमिनियमच्या एका अणूला तीन ऑक्झाइन बिलगून झालेलं ते संयुग, एएलक्यू-थ्री, आज माझ्या रोजच्या कामाचं आहे. त्यातली चिमूटही आता वाया घालवावीशी वाटत नाही.

१९८७ साली कोडॅकमध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅनस्लाइक यांनी काचेवर आधी एका डायअमाइनचा थर चढवला, त्यावर याच पिवळ्या पदार्थाचा, जेमतेम ६० नॅनोमीटरचा. दहा व्होल्टच्या आत लख्ख हिरवा उजेड पडला. सेंद्रिय एलईडीचं खरं काम तिथून सुरू झालं, असं मी मानते. एका थरातून धन भार येतात, दुसऱ्यातून ऋण. सीमेपाशी भेटले की उजेड. वाटेत परका रेणू असला की भार तिथेच अडकतो. म्हणून सगळी मदार शुद्धतेवर.

त्यासाठी संप्लवन. लांब काचनळीच्या एका टोकाला पावडरची बोट ठेवायची, नळी निर्वात करायची आणि भट्टीचं तापमान दुसऱ्या टोकाकडे उतरतं ठेवायचं. पावडरची वाफ होते आणि पुढे सरकत थंड भागात जाऊन बसते. बोटीत काळपट, करपलेलं उरतं. मधे पिवळ्या स्फटिकांचं कडं. पार थंड टोकाला, विक्रियेत न लागलेल्या ऑक्झाइनच्या फिकट सुया. दिवसभर त्या नळीकडे बघत बसायला मला अजून आवडतं.

एकदा सणाच्या सुट्टीआधी उरकावं म्हणून मी तापमान भराभर चढवलं. पावडर उसळली, बोटीतली घाण कड्यात मिसळली. नुसत्या डोळ्यांना फरक दिसेना, म्हणून तोच माल दिव्याच्या थरासाठी वापरला. दिवा लागला, पण नीट केलेल्या मालाच्या दिव्यापेक्षा कितीतरी आधी त्याचा उजेड निम्म्यावर आला. सोबत राबलेल्या मुलांचा आठवडा फुकट गेला. ते मला अजून लागतं.

या संयुगाची मर्यादा मला ठाऊक आहे. विजेने उत्तेजित झालेल्या चार रेणूंपैकी साधारण एकच उजेडाच्या कामी येतो. पुढे इरिडियमच्या संयुगांनी बाकीचे तीनही कामाला लावले. हिरवा, लाल मार्गी लागले. टिकाऊ निळा अजून छळतो.

नळी पूर्ण थंड झाल्याशिवाय मी आत हवा सोडत नाही. मग खोलीत अंधार करून अतिनील टॉर्च मारते. कडं हिरवंगार पेटतं. जिथे ती हिरवाई जरा मळकट वाटते, तेवढा पट्टा वेगळा खरवडून पुन्हा बोटीत घालते.