एका पानावरचे चार आकडे

ड जीवनसत्त्वाला आपण जीवनसत्त्व म्हणतो, ते केवळ इतिहासामुळे. मुडदूस बरा करणारा कॉडलिव्हर तेलातील घटक निराळा आहे, हे १९२२ साली मॅक्कॉलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. तोपर्यंत अ, ब आणि क ही नावे दिली गेली होती, म्हणून याच्या वाट्याला ड आले. पुढील संशोधनाने हे स्पष्ट केले की हा पदार्थ आपले शरीर स्वतःच घडवते. उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेत त्याचा कच्चा माल तयार होतो, यकृतात त्याचे रूप पालटते आणि अखेरचा संस्कार मूत्रपिंडात होतो. तेथून तो रक्तावाटे आतड्यांपर्यंत आणि हाडांपर्यंत निरोप पोहोचवतो. एका ठिकाणी तयार होऊन दूरच्या अवयवाला आज्ञा देणाऱ्या अशा पदार्थाला शरीरशास्त्रात संप्रेरक, म्हणजेच हॉर्मोन, म्हणतात.

या संप्रेरकाचा जोडीदार आपल्या गळ्यात राहतो. अवटू ग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या, मागील बाजूस बहुधा चार इवल्या ग्रंथी असतात. प्रत्येकीचा आकार मसुराच्या दाण्याएवढा. त्या परावटू किंवा पॅराथायरॉइड ग्रंथी. रक्तातील कॅल्शियम थोडे जरी उतरले, तरी त्या आपले संप्रेरक सोडतात आणि हाडांच्या ठेवीतून कॅल्शियम काढून रक्ताची गरज भागवतात. ड जीवनसत्त्व पुरेसे असले, तर अन्नातील कॅल्शियम शोषले जाते आणि ठेवीला हात लावण्याची वेळ क्वचित येते. ते कमी पडले की परावटू ग्रंथींना रात्रंदिवस राबावे लागते आणि त्याची किंमत हाडे मोजतात.

शालेय गणिताचा शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या मला हे सारे कळण्याचे कारण माझी थोरली बहीण. अक्का गेली अकरा वर्षे सांगलीला आमच्याकडेच असते. तिच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पाण्याची कळशी उचलण्याचे निमित्त होऊन तिच्या पाठीचा एक मणका दबला. पडणे नाही, धक्का नाही, केवळ वाकणे. त्या आधीची दोन वर्षे ती थकव्याची आणि बद्धकोष्ठाची तक्रार करीत असे. रात्री तीन-चारदा उठून पाणी पीत असे. नावे विसरू लागली होती. घरातल्या प्रत्येकाकडे, आणि तिच्याकडेही, या सगळ्याला एकच उत्तर होते : वय.

तपासणीत तिचे ड जीवनसत्त्व ९ नॅनोग्रॅम निघाले. २० च्या खाली कमतरता मानतात, म्हणजे ही कमतरता ठळक होती. कॅल्शियम १०.४, छापील मर्यादेच्या आत. आमच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एक याप्रमाणे साठ हजार युनिटांच्या आठ पुड्या दिल्या. दहा आठवड्यांनी ड जीवनसत्त्व ३४ वर आले. मात्र अक्काची तहान वाढली, मळमळ सुरू झाली आणि कॅल्शियम ११.७ झाले.

घरात तर्क सुरू झाले. माझ्या भाच्याचे म्हणणे असे, की पुड्यांनीच घात केला. त्याची शंका अगदी निराधार नव्हती. आठवड्याची पुडी रोज घेतली गेली आणि शरीरात विषार झाला, असे रुग्ण आपल्या देशात डॉक्टरांना खरोखरच भेटतात. तहान, बद्धकोष्ठ, उलट्या, मनाचा गोंधळ ही त्याचीही लक्षणे आहेत. पण अक्काच्या पुड्या मोजून आठच होत्या.

संप्रेरकतज्ज्ञ बाईंनी आधी तिच्या गोळ्यांची पिशवी मागून घेतली. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही कॅल्शियम चढते. तशी एकही त्यात नव्हती. मग त्यांनी परावटू संप्रेरकाची तपासणी सांगितली. त्यामागचा युक्तिवाद गणिताच्या शिक्षकाला आवडावा असाच आहे. पुड्यांच्या अतिरेकाने कॅल्शियम वाढले असेल, तर निरोगी परावटू ग्रंथी आपले काम थांबवतात आणि त्यांचे संप्रेरक तळाला जाते. ग्रंथीच बिघडली असेल, तर कॅल्शियम चढलेले असूनही संप्रेरक चढेच राहते. कॅल्शियमचा आकडा दोन्हीकडे सारखा दिसेल. निवाडा दुसरा आकडा करतो.

अक्काचा तो आकडा १६८ आला. मर्यादा साधारण ६५ ची. चारपैकी एका ग्रंथीत साधी, कर्करोग नसलेली गाठ झाली होती आणि ती कोणाचेही न ऐकता संप्रेरक सोडत होती. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने ते कॅल्शियम इतके दिवस दाबून धरले होते. पुड्यांनी रोग निर्माण केला नाही. आधीच असलेल्या रोगावरचा पडदा दूर केला. बाई म्हणाल्या, “इतकी कमतरता असताना कॅल्शियम खालच्या बाजूला असायला हवं. ते वरच्या काठावर होतं, तीच खूण होती.” मनगटाजवळच्या हाडाची घनताही फार उतरली होती. या विकारात तेथील हाड विशेष झिजते, म्हणून केवळ कंबर आणि मणक्यांची घनता पाहून भागत नाही, हेही तेव्हा समजले.

उपाय शस्त्रक्रिया हा होता आणि खरा प्रश्न तेथे उभा राहिला. अक्का म्हणाली, “या वयात गळ्यावर सुरी कशाला फिरवून घेऊ? राहिलेत किती दिवस?” तिच्या यजमानांचे शेवटचे दिवस रुग्णालयात गेले होते, तिची भीती शब्दांपेक्षा मोठी होती. बाईंनी आग्रह केला नाही. वाट पाहता येते, पण मणका दबलेला असताना आणि हाडे इतकी झिजलेली असताना जगभरच्या तज्ज्ञांचा कल शस्त्रक्रियेकडे असतो, एवढे त्यांनी सांगितले. त्या रात्री जेवणानंतर अक्काने मला विचारले, “म्हणजे हे जे सगळं सोसत आले, ते वयाचं नव्हतंच म्हणतोस?” मी म्हणालो, “सगळं नाही; पण बरंचसं गाठीचं असावं.” ती बराच वेळ गप्प बसली. सकाळी म्हणाली, “मग पुण्याला तारीख घे.”

ही शस्त्रक्रिया मला एका गोष्टीसाठी विलक्षण वाटते. परावटू संप्रेरक रक्तात काही मिनिटांतच निम्मे होते. त्यामुळे गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी, रुग्ण टेबलावर असतानाच रक्त तपासतात. आकडा निम्म्याहून खाली आला, तर योग्य ग्रंथी निघाली असे समजतात. अक्काचा १७२ वरून ४१ वर आला. त्या रात्री तिच्या ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. दीर्घकाळ लुटली गेलेली हाडे आता अधाशासारखे कॅल्शियम ओढून घेत होती. त्याची पूर्वकल्पना आम्हाला दिलेली होती, म्हणून घबराट झाली नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांनी दोन दिवसांत ते शमले.

वर्ष होऊन गेले. तिची तहान गेली, पोट साफ होऊ लागले, कॅल्शियम ९.५ वर स्थिर आहे. मात्र नावे ती अजूनही विसरते. या शस्त्रक्रियेनंतर स्मरणशक्ती किती सुधारते, याबाबतचे निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहीत, हे आम्हाला आधीच सांगितले होते. दबलेला मणका पूर्ववत झाला नाही. जे मिळाले ते पुष्कळ आहे. सगळे मिळाले असे म्हणणे खोटे ठरेल.

या काळात मी ड जीवनसत्त्वावरील मोठ्या चाचण्यांची माहिती वाचून काढली. जवळजवळ प्रत्येक विकारात रुग्णांचे ड जीवनसत्त्व कमी आढळते : मधुमेहात, अवटूच्या विकारांत, स्थूलपणात. पण आजारी माणूस घरात बसतो, म्हणून त्याला ऊन मिळत नाही. स्थूल शरीरात हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहते. कमतरता हे कारण की परिणाम, हे निव्वळ निरीक्षणातून ठरत नाही. त्यासाठी अर्ध्या लोकांना खरे औषध आणि अर्ध्यांना तसेच दिसणारी निरौषध गोळी द्यावी लागते.

अमेरिकेत २५,८७१ लोकांवर अशी चाचणी झाली. रोज दोन हजार युनिट पाच वर्षांहून अधिक काळ देऊनही कर्करोग आणि हृदयविकाराचे प्रमाण घटले नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अस्थिभंगही घटले नाहीत. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २,४२३ जणांवरील दुसऱ्या चाचणीत, रोज चार हजार युनिट घेणाऱ्यांपैकी २९३ जणांना मधुमेह झाला आणि निरौषध गोळी घेणाऱ्यांपैकी ३२३ जणांना. फरक दिसतो, पण तो योगायोगानेही पडू शकेल इतका लहान आहे. ऑस्ट्रेलियातील सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवरील चाचणी तर डोळे उघडणारी आहे. वर्षातून एकदाच पाच लाख युनिट घेणाऱ्या स्त्रिया कमी नव्हे, तर अधिक पडल्या आणि त्यांची हाडे अधिक मोडली.

यावरून ड जीवनसत्त्व निरुपयोगी आहे, असा अर्थ काढू नये. अमेरिकेतील त्या मोठ्या चाचणीत बहुतेकांना मुळात कमतरता नव्हतीच. भरलेल्या घागरीत पाणी ओतून तहान भागते का, हे कळत नाही. अक्काच्या ९ च्या आकड्याला उपचार हवाच होता. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०२४ साली दिलेला सल्ला मला समतोल वाटतो : पंचाहत्तरीपुढील व्यक्तींनी ड जीवनसत्त्व पूरक म्हणून घ्यावे, पन्नाशीनंतर ते एकदम मोठ्या मात्रेऐवजी रोज थोडे घ्यावे आणि निरोगी माणसांनी सरसकट तपासण्या करीत बसू नये. ज्यांची कमतरता सिद्ध झाली आहे, त्यांची मात्रा अर्थातच डॉक्टर ठरवतील.

उन्हाबद्दलही दोन शब्द. आपल्याकडे सकाळचे कोवळे ऊन गुणकारी मानतात. ते प्रसन्न खरे, पण ड जीवनसत्त्व घडवणारे किरण त्यात अगदी थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते, तेव्हा ते पुरेसे मिळतात. बंद गॅलरीच्या काचेतून ते आत येतच नाहीत. वृद्ध त्वचेची हे जीवनसत्त्व घडवण्याची शक्तीही उतरलेली असते, म्हणून केवळ उन्हावर विसंबू नये आणि भर उन्हात फार वेळ बसून भोवळही आणू नये.

घरातील वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. एका वहीचे एक पान राखून ठेवा. त्यावर तारखेसह चार आकडे शेजारी शेजारी लिहा : कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, डॉक्टरांनी सांगितल्यास परावटू संप्रेरक आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. पुडी घेतली त्या दिवशी खूण करा. औषधांची पिशवी, अगदी शक्तिवर्धक गोळ्यांसह, प्रत्येक भेटीत डॉक्टरांपुढे रिकामी करा. आणि तहान, थकवा, बद्धकोष्ठ, विस्मरण एकत्र दिसू लागले, तर ‘वय झाले’ हे उत्तर स्वीकारण्यापूर्वी, “कॅल्शियम पाहून घ्यायचे का?” असे डॉक्टरांना अवश्य विचारा. तपासणी साधी आहे, आणि वयाच्या माथी मारलेल्या काही दुखण्यांना उपाय असतो.